स्पेसमधे जायचंय, मेकॅनिकल तिसरं वर्ष, हातात नुसते रेंडर आहेत

सैल_नट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे तेव्हा सांभाळून घ्या.

मेकॅनिकल, तिसरं वर्ष, सीजीपीए ७.१. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा ॲडमिशन होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता, सगळं हॉस्टेल एका प्रोजेक्टरसमोर कोंबून बसलं होतं आणि स्क्रीनवरचे ते वेगाचे आकडे कमी कमी होत गेले ना, तेव्हाच डोक्यात बसलं की करायचं तर हेच. मग कॉलेजच्या सॅटेलाइट टीममधे घुसलो, स्ट्रक्चर सबसिस्टिम मिळाली. त्याला दीड वर्ष झालं. आता इंटर्नशिपसाठी रेझ्युमे लिहायला बसलो तर लक्षात आलं की दाखवण्यासारखं काय आहे, तर चार कॅड रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं), ॲनालिसिसचं एक रंगीत चित्र आणि एक पोस्टर. बस.

मला खरं तर प्रोपल्शनमधे, म्हणजे रॉकेटच्या इंजिनांकडे जायचंय. एरोस्पेसमधे मास्टर्स केल्याशिवाय कोणी दारात तरी उभं करतं का? मेकॅनिकलवाल्याला तिथं नेमकं काय काम असतं? आणि कोडिंग येत नाही (म्हणजे सी मधे पास झालोय, एवढंच) ते किती नडेल? घरचे म्हणतात कॅम्पसला जे येईल ते घे, मग बघू. ते अगदीच चूक बोलतायत असंही वाटत नाही.

वाचनमात्र_वामन

खुर्ची टाकून बसलोय. माझा भाचा रोज हेच विचारून डोकं खातो.

टॉर्कपाना

सतरा वर्षं सॅटेलाइटच्या जुळणीत आणि टेस्टिंगमधे काढली, आमच्यात त्याला एआयटी म्हणतात, म्हणजे असेंब्ली, इंटिग्रेशन, टेस्ट. कुठे ते विचारू नका.

सैल नटा, आधी एक, हा आयडी घेऊन आमच्या क्लीनरूमच्या दारात आलास तर आत घेणार नाहीत.

आता प्रोपल्शनचं. तुझ्या वयाच्या दहातल्या आठ जणांना प्रोपल्शनच हवं असतं कारण ज्वाळा तिथे दिसते. पण प्रत्यक्षात त्या खात्यातला माणूस वर्षातले किती दिवस ज्वाळा बघतो? बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळं आयुष्य व्हॉल्व्ह, पाइप, सील, फिल्टर आणि गळती यात जातं. हेलियम भरायचा, डिटेक्टर घेऊन प्रत्येक जॉइंटवर फिरायचं, आकडा लिहायचा. ऑक्सिजनची लाइन असेल तर तिच्यात तेलाचा अंश राहता कामा नये, राहिला तर पेट घेते, म्हणून धुणं, तपासणं, पुन्हा धुणं. जानेवारी २०२४ मधे पेरेग्रिन नावाचं लँडर चंद्राकडे निघालं आणि सुटल्यावर काही तासांतच गळायला लागलं, कारण काय तर हेलियमचा एक व्हॉल्व्ह उघडल्यावर नीट बंदच झाला नाही, ऑक्सिडायझरच्या टाकीत दाब वाढत गेला आणि टाकी फुटली. चंद्र राहिला बाजूला. तेव्हा तुला व्हॉल्व्हवर प्रेम करता येणार असेल तर जरूर जा प्रोपल्शनमधे, नुसतं ज्वाळेवर असेल तर दोन वर्षांत वैतागशील.

मेकॅनिकलवाल्याला काय काम, हा प्रश्नच मला गमतीचा वाटतो कारण आमच्याकडे निम्मे मेकॅनिकलवालेच आहेत. थर्मल आहे. स्ट्रक्चर आहे. मेकॅनिझम आहे, म्हणजे सोलर पॅनल उघडणं, अँटेना उलगडणं, ज्या गोष्टी एकदाच हलायच्या असतात आणि त्या एकदाच हलल्या नाहीत तर अख्खा सॅटेलाइट गेला. शिवाय टेस्ट. व्हायब्रेशनला जाताना आम्ही आधी अगदी हलका साइन स्वीप देतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलत बदलत हलवतो, कुठल्या फ्रिक्वेन्सीला काय थरथरतं त्याचा आलेख काढतो, मग खरा दणका, मग परत तोच हलका स्वीप. दोन्ही आलेख एकावर एक ठेवायचे. शिखर सरकलं असेल तर आत काहीतरी सैल झालंय किंवा तडकलंय, उघडा आणि शोधा. या दोन आलेखांकडे बघून मोठमोठ्या लोकांचे चेहरे पडलेले मी पाहिलेत. त्यानंतर थर्मल व्हॅक्यूम, म्हणजे हवा काढून टाकलेल्या टाकीत तापव, गार कर, तापव, गार कर, रात्रंदिवस पाळ्या लावून. तिथे पहाटे साडेतीनला एक थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) वेडावाकडा आकडा दाखवायला लागतो आणि ठरवायचं असतं की तो खोटं बोलतोय की खरंच काही तापतंय.

एक स्वतःचं सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ब्रॅकेटचे सहा स्क्रू मी टॉर्क केले, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळले, पाचांच्या नोंदी केल्या, सहाव्याची राहिली. स्क्रू घट्ट होता हे मला शंभर टक्के माहीत होतं. पण कागदावर नव्हतं. त्या एका नोंदीसाठी वरचं पॅनल पुन्हा काढावं लागलं आणि दोन दिवस गेले. कोणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. आमच्याकडे कागदावर नाही म्हणजे झालंच नाही.

मास्टर्सबद्दल दुसरे सांगतील, मी तर साधा बीई.

सोल्डरवाली

टॉर्कपाना, सहाव्या स्क्रूवर पूर्ण सहमत, माझं असंच एका कनेक्टरचं झालंय, पण ते इथे नको, अजून जखम ओली आहे :)

मी इलेक्ट्रॉनिक्सची, एका छोट्या स्पेस स्टार्टअपमधे आहे आणि फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते. सैल नट, तुझ्यासारखे रेझ्युमे आठवड्याला ढीगभर येतात. सगळ्यांवर रेंडर. काळं बॅकग्राउंड, खाली निळी पृथ्वी, वर सॅटेलाइट चमकतोय. मी एकच विचारते, शेवटचं काय तुटलं आणि का? निम्मे तिथेच गप्प होतात, कारण तुटायला आधी काहीतरी बनलेलं असावं लागतं ना.

मागच्या खेपेला ज्या मुलीला घेतलं तिच्याकडे धड सॅटेलाइट टीम पण नव्हती. तिने बलूनला बांधायचा एक छोटा बोर्ड केला होता, तापमान दाब नोंदवणारा. तो थंडीत मधेच रीसेट व्हायचा. तिने घरच्या फ्रीझरमधे ठेवून, ऑसिलोस्कोप लावून, शोधून काढलं की रेडिओ चालू झाला की बॅटरीचा व्होल्टेज एवढा खाली बसतो की प्रोसेसर मरतो, आणि थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो म्हणून फक्त थंडीतच. मग तिने काय बदललं, बदलल्यावर पुन्हा कसं मोजलं, सगळं एका वहीत, तारखांसकट. ती वही घेऊन आली होती. बोर्ड दिसायला भयंकर होता, खरंच, सोल्डरिंग बघून मला रडू आलं, पण सोल्डरिंग महिन्याभरात शिकवता येतं, तसं शोधत जाणं शिकवता येत नाही. निदान मला तरी येत नाही.

आणि हे शोधणं नुसतं नवशिक्यांचं नाही बरं का. व्हॉयेजर १ नोव्हेंबर २०२३ मधे अचानक बरळायला लागला. कळालं काय तर जुन्या कॉम्प्युटरमधली मेमरीची एक चिप गेली. आता चिप तर बदलता येत नाही, ते यान इतकं लांब की सिग्नल एका बाजूनं जायलाच साडेबावीस तास लागतात, म्हणजे एक प्रश्न विचारला की उत्तर दोन दिवसांनी. त्यांनी त्या चिपमधला कोड तुकडे करून मेमरीत जिथे जिथे मोकळी जागा होती तिथे कोंबला, एप्रिल २०२४ मधे डेटा परत वाचता यायला लागला. १९७७ मधे सोडलेलं यान! ज्यांनी हे केलं त्यातल्या काहींचा तेव्हा जन्मही झाला नसेल, त्यांना हाती काय होतं तर जुनी कागदपत्रं.

सैल_नट

टॉर्कपाना काका, सोल्डरवाली ताई, खूप आभार. दोन्ही प्रतिसाद तीनतीनदा वाचले. आयडी बदलता येतो का बघतो.

पण ताई, एक अडचण सांगू का, आमच्या टीममधे काही बनतच नाही. दरवर्षी नवी बॅच येते आणि आधीच्यांचं डिझाइन चुकीचं आहे असं ठरवून पहिल्यापासून सुरू करते. सीनियर पास होऊन गेले की त्यांच्या लॅपटॉपबरोबर फायली पण जातात. मी आलो तेव्हा आमचा सॅटेलाइट १यू (दहा सेंटिमीटरचा एक ठोकळा) होता, मग २यू झाला, आता पुन्हा १यू. पेलोड, म्हणजे वर न्यायचं मुख्य उपकरण, तीनदा बदललं. मी दर वेळी नवीन रेंडर करतो.

पास_आऊट_२०१४

हाहा, "आता पुन्हा १यू" वाचून डोळ्यात पाणी आलं. मी पण स्टुडंट सॅटेलाइटवाला, नाव सांगत नाही कारण आमचा उडाला नाही.

जे उडाले त्यांचा इतिहास बघ म्हणजे अंदाज येईल. आयआयटी मुंबईचा प्रथम सप्टेंबर २०१६ मधे पीएसएलव्हीवरून गेला, पुण्याच्या सीओईपी कॉलेजचा स्वयम् त्याच वर्षी जूनमधे. दोन्हींवर काम सुरू होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. म्हणजे ज्यांनी पहिली रेघ मारली ती मुलं उड्डाणापर्यंत कुठच्या कुठे पोचलेली, मधे कितीतरी बॅचा येऊन गेल्या. स्वयम् तर १यू, दहा सेंटिमीटरचा ठोकळा, किलोभर वजन, त्यात दिशा सांभाळायला मोटर वगैरे काही नाही, नुसतं चुंबक, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहायचं. साधं ठेवलं म्हणून पूर्ण झालं असं माझं मत. आमच्या टीमला कॅमेरा पण हवा होता, रिॲक्शन व्हील (दिशा वळवणारं चाक) पण हवं होतं आणि थ्रस्टर पण. काहीच झालं नाही.

तेव्हा तू शिकत असताना सॅटेलाइट उडणारच नाही असं धरून चाल. मग प्रश्न उरतो की तुझ्या उरलेल्या वर्षात त्यातला कुठला तुकडा पूर्ण होऊ शकतो. तुझ्याकडे स्ट्रक्चर आहे ना? मग ॲल्युमिनियमची एक फ्रेम खरीखुरी कापून घे, आत कार्डांच्या जागी वजनाचे तुकडे बसव, आणि कॉलेजमधे नाहीतर ओळखीच्या कोणाकडे शेकर (हलवून बघायचं यंत्र) असेल त्यावर ठेव. फ्लाइट मॉडेल नाही, नुसतं स्ट्रक्चरल मॉडेल. सहा महिन्यांत होतं. आणि एक फोल्डर सगळ्यांना दिसेल असं कर जिथे प्रत्येक निर्णय आणि त्याचं कारण दोन ओळीत लिहिलेलं असेल. पुढची बॅच शिव्या देईल पण पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार नाही. कदाचित करेलही.

रेडिओबाबा

मेकॅनिकलवाल्यांनी सुद्धा एकदा तरी सॅटेलाइटचा आवाज ऐकावा असं माझं आपलं मत. एक एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ), दोन तारांचा व्ही आकाराचा डायपोल, प्रत्येक तार साधारण ५३ सेंटिमीटर, मधला कोन १२० अंश, गच्चीवर जायचं आणि अमेरिकेचा हवामान उपग्रह एनओएए १९ डोक्यावरून जाताना १३७ मेगाहर्ट्झला ढगांचं चित्र ओळीओळीने उतरताना बघायचं. ही कक्षा म्हणजे काय, डॉप्लर म्हणजे काय, पास दहा-पंधरा मिनिटांतच का संपतो, हे पुस्तकात वर्षभर वाचून कळत नाही ते एका संध्याकाळी कळतं.

उल्का_वर्षा

बाबा, दुरुस्ती. एनओएए १५, १८, १९ तिन्ही २०२५ मधे बंद केले, आता ते चित्र येत नाही. अँटेना मोडू नका मात्र, रशियाचे मेटेऑर उपग्रह त्याच पट्ट्यात डिजिटल चित्र पाठवतात, तोच डायपोल चालतो. स्पेस स्टेशनवरून पण अधूनमधून १४५.८०० वर चित्रं सोडतात.

रेडिओबाबा

अरेरे. १९ पण गेला? वर्षभर गच्चीवर गेलो नाही त्याची शिक्षा. आभार.

टॉर्कपाना

एनओएए १९ निघालाच आहे तर त्याची गोष्ट सांगतोच, सैल नटाला तर ऐकायलाच हवी. तो उपग्रह उडायच्या आधी एकदा जमिनीवर पडला होता. शब्दशः. सप्टेंबर २००३, कारखान्यात उपग्रह आडवा करण्याच्या गाड्यावर बसवलेला, आडवा करायला लागले आणि धाडकन फरशीवर. गाड्यावरची ॲडॉप्टर प्लेट धरून ठेवणारे २४ बोल्ट तिथे नव्हतेच. दुसऱ्या कामासाठी कोणीतरी काढून नेले, नोंद केली नाही, आणि या टीमने बोल्ट आहेत की नाहीत हे न बघताच बघितल्याची सही ठोकली. मग अख्खा उपग्रह दुरुस्त करून फेब्रुवारी २००९ मधे सोडला आणि सोळा वर्षं चालला बिचारा.

नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी मी त्या पडलेल्या उपग्रहाचा फोटो दाखवतो. रॉकेटचा स्फोट वगैरे नाही, नुसता फरशीवर आडवा पडलेला उपग्रह आणि बाजूला रिकामी भोकं.

गगनविहारी

एवढं सगळं कशाला, सरळ अमेरिकेत एमएस एरोस्पेस कर आणि मस्ककडे लाग. दोन वर्षात सेट.

परदेशी_पाखरू

गगनविहारी, याच समजुतीवर मी अमेरिकेत एमएस केलं, म्हणून जरा लांबण लावतो.

तिकडे रॉकेट आणि त्याच्याशी संबंधित तंत्रज्ञान शस्त्रांच्या निर्यातीच्या कायद्यात मोडतं, आयटार म्हणतात त्याला. त्या कायद्याने कंपनी ती माहिती फक्त अमेरिकन नागरिक, ग्रीनकार्डवाले आणि आश्रय मिळालेले लोक यांनाच दाखवू शकते, बाकीच्यांसाठी सरकारी परवाना काढावा लागतो आणि फ्रेशरसाठी तो काढण्याच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. स्टुडंट व्हिसावर असलेल्या मुलाला नुसतं ड्रॉइंग दाखवणं म्हणजे सुद्धा निर्यात. करिअर फेअरला रांगेत पाऊण तास उभा राहिलो, टेबलाशी पोचल्यावर पहिलाच प्रश्न, सिटिझन आहेस का. नाही म्हटल्यावर त्यांनी एक स्टिकर दिला. तो स्टिकर अजून आहे माझ्याकडे. नासाच्या थेट सरकारी नोकऱ्यांना नागरिकत्वच लागतं. युरोपात ईएसएच्या (तिथली अंतराळ संस्था) जागा सदस्य देशांच्या नागरिकांसाठी, तिथल्या खासगी कंपन्या मात्र तुलनेने मोकळ्या आहेत.

२०१४ पासून बरेचसे कमर्शियल सॅटेलाइट त्या कडक यादीतून जरा सैल यादीत गेले, पण रॉकेट आणि इंजिनं तिथेच आहेत. म्हणजे सैल नटा, नेमकं तुला हवं असलेलं प्रोपल्शन हेच परक्या माणसाला सगळ्यात बंद दार आहे. मी शेवटी उपग्रहाच्या चित्रांवर काम करणाऱ्या कंपनीत गेलो, शेती, पूर, बर्फ असलं मोजतो. वाईट नाही. उलट आता आवडतं. पण हे मला निघायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर कोर्स वेगळे निवडले असते एवढंच.

भारतात इस्रोची सायंटिस्ट-इंजिनिअर एससी (हे पदाचं नाव, आरक्षणाचं नाही) ही भरती, त्याला बीई बीटेकला सरासरी ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए मागतात, लेखी परीक्षा आणि मुलाखत, आणि एरोस्पेसची डिग्री लागत नाही, मेकॅनिकलच्याच जागा असतात. ७.१ म्हणजे तू काठावरून आत आहेस, घसरू देऊ नकोस. दुसरं म्हणजे २०२० मधे इन-स्पेस ही सरकारी संस्था आली आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं, त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मधे स्कायरूटचं विक्रम-एस उडालं, मे २०२४ मधे अग्निकुलचं रॉकेट श्रीहरिकोट्याहून गेलं, त्याचं इंजिन एकसंध थ्रीडी प्रिंट केलेलं. तुझं प्रोपल्शन इथे आहे बघ. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर कक्षेतच राहतो, त्याच्यावर छोटे प्रयोग बसवून पाठवतात, त्याला पोएम म्हणतात, अख्खा सॅटेलाइट न बनवता नुसतं उपकरण कक्षेत नेता येतं.

मास्टर्स करूच नको असं म्हणत नाहीये. थर्मल, कंट्रोल, कंबशन असल्या एखाद्या विषयात खोलात शिरायचं असेल तर कर. दारावर ठोठावायला डिग्री म्हणून करू नको.

गगनविहारी

बरं बरं, माहीत नव्हतं. स्टिकरचं वाईट वाटलं.

कोडमावशी

सी मधे पास झालास ना, मग रडतोस कशाला :) उड्डाणाचं सॉफ्टवेअर लिहायचं नसेल तर पायथन एवढं शीक की टेस्टमधून आलेली लाखभर ओळींची फाइल तुला स्वतः उघडता यायला हवी, आलेख काढता यायला हवा आणि दोन आलेखांमधला फरक सांगता यायला हवा. आमच्या ऑफिसात असे अनुभवी लोक आहेत जे त्या फाइलसाठी दुसऱ्याच्या मागे फिरतात. केविलवाणं दिसतं ते.

हौस असेल तर नासाचं जीमॅट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कक्षा मांडून बघ, पृथ्वीपासून पाचशे किलोमीटरवर ठोकळा सोड, साधारण दीड तासात एक फेरी, त्यातला तासभर ऊन आणि अर्ध्या-पाऊण तासाची सावली. आता तुझ्या फ्रेमचं तापमान काय होतं ते काढ. दिवसातून पंधरा वेळा तापणं-गारठणं. मेकॅनिकलवाल्याला याहून चांगला गृहपाठ नाही. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने एफ प्राइम नावाचं फ्लाइट सॉफ्टवेअर खुलं ठेवलंय, मंगळावरचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर त्याच्यावर उडायचं, पाच उड्डाणांसाठी पाठवलं होतं, ७२ केली. ते वाचून सगळं कळणार नाही, तरी वाच.

आणि दुसऱ्याचं डिझाइन पुन्हा वापरताना ते मुळात कशासाठी केलं होतं ते विचारत जा. ४ जून १९९६, युरोपच्या एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण, चाळीसेक सेकंदांत संपलं. एरियान ४ मधून उचललेला कोड, त्यात ६४ बिटचा आकडा १६ बिटच्या जागेत कोंबला जायचा, जुन्या रॉकेटचा आडवा वेग कमी म्हणून तो कायम मावायचा, नव्याचा मावला नाही. आणि खरी चीड येण्यासारखी गोष्ट म्हणजे तो भाग उड्डाणानंतर एरियान ५ ला लागतच नव्हता. उगाच चालू होता.

रोखठोक

सगळे गुलाबी बोलतायत तर मी जरा मिठाचा खडा टाकतो. व्हर्जिन ऑर्बिट या रॉकेट कंपनीचं काय झालं? जानेवारी २०२३ मधे इंधनाच्या लाइनमधला एक फिल्टर जागेवरून निसटला, रॉकेट गेलं, एप्रिलमधे कंपनी दिवाळखोरीत. शेकडो इंजिनिअर घरी. आयटीवाला मित्र त्याच पदवीवर जास्त कमावतो आणि शनिवार-रविवार मोकळा असतो. पोराच्या घरचे बरोबर बोलतायत.

सोल्डरवाली

रोखठोक, पैशाचं खरं आहे, शनिवारचं तर फारच खरं आहे. पण कंपनी बुडाली म्हणजे माणूस बुडत नाही. व्हायब्रेशन, थर्मल, व्हॉल्व्ह, पॉवर बोर्ड हे येणारा माणूस गाड्यांच्या कंपनीत जातो, मेडिकल उपकरणांत जातो, संरक्षणात जातो. आमच्याकडे तर उलट गाड्यांकडून आलेले दोघे आहेत, उत्तम आहेत. म्हणून सैल नट, कॅम्पसला एखादी टेस्टिंगची किंवा मॅन्युफॅक्चरिंगची नोकरी आली तर नाक मुरडू नको, तिथून दोन वर्षांनी आलास तर मला फ्रेशरपेक्षा जास्त उपयोगाचा आहेस. नुसतं नाव स्पेसचं आणि काम पॉवरपॉइंटचं अशा ठिकाणी मात्र जाऊ नको, अशी पण ठिकाणं आहेत.

रोखठोक

हे पटलं. पॉवरपॉइंटवाल्या ठिकाणी मी तीन वर्षं होतो, म्हणूनच कडवट आहे.

वाचनमात्र_वामन

वाखुसा (वाचनखूण साठवली). भाच्याला लिंक पाठवली, म्हणाला खूप लांब आहे, थोडक्यात सांग. कठीण आहे.

सैल_नट

मंडळी, धागा वर काढतोय, पाच महिने झाले. आयडी बदलता येत नाही म्हणे.

फ्रेम बनली! वर्कशॉपच्या मामांनी कापून दिली, दोनदा चुकली, एकदा माझ्या ड्रॉइंगमधे टॉलरन्सच (मापात किती फरक चालेल तो आकडा) लिहिलेला नव्हता म्हणून आणि एकदा मी ड्रॉइंगची जुनी आवृत्ती नेऊन दिली म्हणून. दोन्ही कारणं फोल्डरमधे लिहिली आहेत. आत चार कार्डांच्या जागी ॲल्युमिनियमचे तुकडे बसवले, स्क्रू टॉर्क केले, नोंदी केल्या, सहाव्या स्क्रूच्या सुद्धा. काका, तुमची आठवण काढून.

मग दुसऱ्या एका डिपार्टमेंटचा शेकर मिळाला, दोन दिवस. ॲनालिसिसमधे पहिली फ्रिक्वेन्सी ४१० हर्ट्झ आली होती. शेकरवर आली २६५. मी आणि जोडीदार एकमेकांकडे बघतच बसलो. आधी वाटलं ॲक्सेलरोमीटर (थरथर मोजणारा सेन्सर) चुकीचा चिकटवलाय, काढून परत लावला, परत २६५. मग मॉडेल उघडून बघितलं तर आम्ही कार्डांच्या रॉड दोन्ही टोकांना अगदी पक्क्या धरल्या होत्या, जणू वेल्ड केल्यात, आणि प्रत्यक्षात त्या फक्त वॉशरवर टेकून स्क्रूने आवळलेल्या. ते जॉइंट जरा सैल करून मॉडेल चालवलं तर ३१० पर्यंत खाली आलं. अजून ४५ चा हिशेब लागत नाहीये. रॉकेटवाले जो किमान आकडा मागतात त्याच्या कितीतरी वर आहोत म्हणून टीम म्हणते सोडून दे. मला सोडवत नाहीये.

रेझ्युमेवरचे रेंडर काढून हे दोन आलेख टाकलेत. एका ठिकाणी इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू झाला, टेस्ट विभागात, प्रोपल्शन नाही. पाऊण तास फक्त या ४५ हर्ट्झवर बोलणं झालं. अजून उत्तर आलं नाही.

सोल्डरवाली

अरे वा! काय तुटलं विचारलं का त्यांनी?

सैल_नट

विचारलं ताई. एक स्क्रू मोकळा झाला होता मोठ्या दणक्यानंतर, त्याचा फोटो दाखवला. दुसऱ्या स्वीपला शिखर सरकलं त्यावरूनच कळलं होतं.

टॉर्कपाना

शाब्बास. आता ४५ हर्ट्झचं. फ्रेम शेकरवर कशावर बसवली होतीस? फिक्स्चर प्लेट, म्हणजे शेकर आणि फ्रेमच्या मधली, केवढ्या जाडीची? आणि फ्रेम न बसवता नुसत्या फिक्स्चरचा स्वीप घेतला होता का?

सैल_नट

प्लेट आठ मिलीमीटर, तिथे पडलेली होती तीच वापरली.

नुसत्या फिक्स्चरचा नाही घेतला.

टॉर्कपाना

हं.

सैल_नट

शेकर पुढच्या गुरुवारी मोकळा आहे, तोपर्यंत कोणी काही बोलू नका.